नवेगावबांधला निघण्याआधी

पोरी, नागपूरहून नवेगावबांधला जाऊन एका दिवसात परत यायचं म्हणतेस. होतं, आरामात होतं. एका बाजूने १४० किलोमीटरच्या आसपास, तीन तास धर. होत नाही ते एवढंच की तळं, सफारी, इटियाडोह धरण, प्रतापगड आणि गोठणगाव हे सगळं एका उन्हात उरकायचं. जावईबापूंच्या यादीत पाचही असणार, मला ठाऊक आहे. ती यादी प्रेमाने घे, घडी घाल आणि पर्समध्ये ठेव. मामाचं मात्र नीट वाच, आणि पोट्ट्यांनाही वाचून दाखव.

१. सकाळ तळ्याला द्यायची, दुपार जंगलाला — हिवाळी पाहुणे सकाळी निवांत असतात, जनावरं उन्हं कलल्यावर बाहेर पडतात. वाघाच्या लोभाने सकाळची सफारी धरलीस, तर तळ्यावर दुपारी बाराला पोचशील आणि चकाकणारं पाणी बघून डोळे चोळशील.

२. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा दिवस निवड — उत्तरेकडची बदकं, हंस तेव्हा मुक्कामाला असतात. वाघच पाहिजे असेल तर एप्रिल-मेमध्ये जा, पण मग पक्ष्यांची तक्रार माझ्याकडे आणायची नाही.

३. रविवार टळत असेल तर टाळ — रविवारी काठावर डबे कमी आणि स्पीकर जास्त असतात.

४. उद्यानाचा साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घे, आणि पावसाळ्यात सफारी बंद असते हेही ध्यानात ठेव — फाटकाच्या कुलपाशी सेल्फी काढून परतणारी मंडळी दर वर्षी असतात.

५. सफारीचं बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर करताना फाटकाचं नाव दोनदा वाच — २०१३ पासून नवेगाव आणि नागझिरा मिळून एकच व्याघ्रप्रकल्प आहे, त्यामुळे सगळी फाटकं एकाच यादीत दिसतात. पिटेझरी किंवा चोरखमारा म्हणजे नागझिऱ्याची बाजू, तळ्यापासून पार लांब. तू नवेगावकडचंच घे.

६. बुकिंगला ज्याचं ओळखपत्र दिलं, त्याचं तेच ओळखपत्र सोबत घे — आधार घरी आणि माणूस फाटकावर, असं झालं की सगळ्या गाडीची सफारी अडकते.

७. विहीणबाई येणार असतील तर जिप्सीत त्यांना ड्रायव्हरच्या लगेच मागे बसव — मागच्या उंच बाकावर रस्त्यातला प्रत्येक खड्डा कमरेपर्यंत पोचतो. त्या "मला कुठेही चालतं" म्हणतील. तू ऐकू नकोस.

८. पेट्रोल आणि टायरची हवा आदल्या रात्रीच बघ — पहाटे पंपावर थांबलं की चहा होतो, चहा झाला की गप्पा होतात, आणि तिकडे सूर्य वर येतो.

९. साडेचारला गाडी सुरू झालीच पाहिजे — पहाट चुकवली त्याने तळं अर्धंच पाहिलं.

१०. शाल, कानटोपी, मोजे आदल्या दिवशीच गाडीत टाक — दुपारी घाम येईल म्हणून लोक गरम कपडे घरी ठेवतात आणि उघड्या जिप्सीत संध्याकाळी कुडकुडतात. शाल घरी राहिली की जानेवारी अंगावर बसतो.

११. भंडाऱ्याजवळ वैनगंगेवर आणि पुढे धानाच्या बांध्यांमधून धुकं लागेल, तेव्हा दिवे अप्परवर टाकायचे नाहीत — वरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

१२. लाखनी, साकोली झालं की कोहमारा. तिथे हमरस्ता सोडून उजवीकडे अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागायचं. चहा, बाथरूम, बिस्किटं हे सगळं कोहमाऱ्यालाच आटप — पुढे पोट्टे "लागली" म्हणतील तेव्हा झाडं पुष्कळ असतील, आडोसा नसेल.

१३. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेव — रेंज गेली की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात.

१४. रेल्वेने जायचं मनात असेल तर गोंदिया–बल्लारशाह मार्गावरचं देवलगाव स्टेशन जवळ आहे. पण मुक्काम असेल तरच तो विचार कर — त्या मार्गावर गाड्या मोजक्या, आणि सफारी काही तुझ्या गाडीसाठी लवकर सुटत नाही.

आता तळं. इथे जरा टेकतेस का? लोक येतात, फोटो काढतात, "काय निसर्ग आहे" म्हणतात आणि वळतात. पण हे पाणी माणसाने अडवलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडींना बांध घातला आणि मागे सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी साठलं. कोहळी म्हणजे तळी बांधण्यात मुरलेला समाज. भंडारा-गोंदियात जे हजारो जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांत त्यांच्या हातचे पुष्कळ. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाच देव केलं, कोलासूर म्हणतात. भोवतालच्या टेकड्या त्या सातबहिणी, बांधाला त्यांनी मदत केली अशी श्रद्धा. जावईबापू सिव्हिलचे ना? त्यांना सांग, तीनशे वर्षं पाणी धरून बसलेला बांध आधी डोळे भरून बघा, मग श्रद्धेवर हसा.

१५. गाडी लावली की बागेकडे न वळता आधी बांधावर चाल — घसरगुंडी दुपारीही तिथेच असते, पक्षी नसतात. पोट्ट्यांना बाग आधी दिसली तर तुझी सकाळ तिथेच गेली म्हणून समज.

१६. सूर्य पाठीशी येईल अशी जागा बघून उभी राहा — समोरून ऊन आलं की प्रत्येक बदक काळंच दिसतं आणि नवराबायकोत वाद लागतो.

१७. दुर्बीण एकच असेल तर पाळी लाव, आणि पट्टा गळ्यात घातल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नकोस — तळ्यात पडलेली दुर्बीण कोलासूरही काढून देत नाही.

१८. नजर एकदम मधल्या पाण्यावर टाकू नकोस. आधी काठचं गवत, मग पानवेली, मग उघडं पाणी, असं सरकत जा — जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, काणूक ही मंडळी जवळच असतात आणि लांब बघणाऱ्याला हमखास चुकवतात.

१९. कमळपक्षी सापडला तर पोट्ट्यांना त्याच्या पायांची बोटं बघायला लाव. एवढ्याशा अंगाला केवढाली लांब बोटं! भार पानभर पसरतो म्हणून तो बुडत नाही. तरी पाऊल पडलं की पानाची कड किंचित पाण्याखाली जाते, थोडं पाणी वर येतं, त्याचा गोल थेंब होऊन मधोमध घरंगळतो. तोवर पक्षी पुढच्या पानावर. हे बघायला पाच मिनिटं एका जागी उभं राहावं लागतं — ती पाच मिनिटं पोट्ट्यांकडून मिळवायची कशी, ते तुझं तू बघ. खिशात गूळ-शेंगदाणे ठेव.

२०. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असलेले राखी हंस दिसले तर ते पट्टकादंब. जिथे आहेस तिथेच थांब, जवळ जायची घाई करू नकोस — हिमालय ओलांडून आलेला पक्षी आहे तो, इथे खायला आणि विसाव्याला उतरलाय. आपल्यासाठी तो उडाला की त्याची कमाई खर्च होते.

२१. थवा उडतानाचा व्हिडिओ पाहिजे म्हणून कुणी खडा उचलला, तर तो हात तिथेच धर, मग तो जावईबापूंचा का असेना. उडवून पाहिलं, ते पाहिलंच नाही.

२२. सारस दिसलाच पाहिजे असा हट्ट या फेरीत धरू नकोस — गोंदिया जिल्हा सारसांसाठी ओळखला जातो हे खरं, पण त्यांचा संसार मुख्यतः वैनगंगा आणि बाघ नदीच्या काठच्या धानशेतांत असतो. तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम, आणि तेव्हा मीही येईन.

२३. ढीवर बांधव डोंग्यातून जाळी काढत असतील तर लांबून बघ, "आम्हाला एक चक्कर मारा ना" म्हणून मागे लागू नकोस — आपली सहल ती त्यांची कामाची वेळ. जाळं रिकामं करून ते काठाला आले की मग बोल. कोणता मासा कुठल्या गवतात अंडी घालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

२४. बोलता बोलता गावतळ्यांचा विषय काढ. या तालुक्यातल्या ढीवर बायकांनी कितीतरी तळ्यांतली बेशरमाची झुडपं उपटून काढली आणि तिथे देशी पाणवनस्पती लावल्या — गवत परतलं की मासा परततो, मासा परतला की पक्षी. मोठमोठ्या योजनांवर भाषणं ऐकून कंटाळलेल्या माणसाने हे एकदा ऐकावं.

२५. नौकाविहार सुरू असला तर लाइफ जॅकेट घालूनच बस, आणि जॅकेटचे सगळे बंद स्वतः ओढून बघ — नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट पाण्यात माणसाच्या आधी वर येतं. काठावरचा शहाणा नावेत पाहुणाच असतो.

२६. पाय बुडवायला काठाशी उतरायचं नाही, पोट्ट्यांनी तर नाहीच — शेवाळावर पाय ठरत नाही, आणि बांधालगत पाणी एकदम खोल होतं.

२७. डिसेंबरात गेलीस आणि वाटेत उकडलेले शिंगाडे दिसले तर घे, पण टरफलांसाठी पिशवीही घे — नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सीटखालून शिंगाडे निघतील.

२८. जाण्याआधी 'नवेगावबांधचे दिवस' मधली दोन-चार पानं तरी वाच. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते, आणि पक्ष्यांच्या बाबतीत ज्यांचा हात धरून ते शिकले ते माधवराव पाटील याच गावचे. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वाचून गेलीस की फरक पडतो — न वाचलेल्याला पाणी दिसतं, वाचलेल्याला गाव दिसतं.

२९. जेवणाचं गावात पोचल्या पोचल्याच सांगून ठेव — इथे माणसं मोजून भात टाकतात, बाराला जाऊन "काय तयार आहे?" विचारलंस तर दीड वाजेल. हा धानाचा मुलूख आहे, पोळीचा आग्रह धरू नकोस.

३०. तळ्यातला मासा मिळाला तर जरूर खा, पण पोट्ट्यांच्या ताटातले काटे स्वतः काढ, आणि जेवताना पक्ष्यांच्या गोष्टी बंद — बोलत बोलत मासा खाणाऱ्याच्या घशात काटा नेमका अडकतो.

३१. सफारीआधी पोटाला थोडी जागा ठेव — भरल्या पोटी धक्के बसले की विहीणबाई काही बोलणार नाहीत, पण चेहरा बोलेल.

जंगलाबद्दल मी थोडक्यातच सांगतो, कारण तिथे गाइड असतो आणि माझ्यापेक्षा त्याचं ऐकलेलं बरं. १९७५ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, १३३ चौरस किलोमीटरच्या वर. ताडोब्याच्या मानाने गर्दी कमी, वाघाची हमीही कमी. मला विचारशील तर ते बरंच आहे.

३२. फाटकावर अर्धा तास आधी पोच — कागद, गाइड, गाडी यांचा मेळ बसायला तेवढा वेळ जातोच, आणि उशीर झाला तरी आत जाण्या-येण्याच्या वेळा बदलत नाहीत.

३३. मातकट, हिरवट, खाकी असलंच काही घाल, आणि अत्तर घरी ठेव. लाल स्वेटर तुला शोभतो, पण तो वास्तूला घाल.

३४. तोंडाला ओढणी, केसांना रुमाल, डोळ्यांना चष्मा — परतल्यावर आरशात स्वतःची ओळख पटलेली बरी.

३५. गाइडला पहिला प्रश्न वाघाचा विचारू नकोस. "हे झाड कोणतं?" असं विचार — तो ऐनाची चौकोनी तडकलेली साल दाखवेल, बीजा दाखवेल, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवेल, आणि तू ऐकतेस म्हटल्यावर बाकीचंही आपणहून सांगेल. गाइडला गप्प बसवणारा नुसत्या धुळीचे पैसे भरतो.

३६. ड्रायव्हरला "जोरात घ्या", "जरा आत घाला" म्हणून पैसे देऊ करायचे नाहीत — दंड त्याला, बंदी त्याला, आणि तू रात्री घरी.

३७. वानर खाकरलं किंवा चितळाने तीक्ष्ण आवाज दिला की गाडी बंद करायला सांग आणि सगळ्यांनी गप्प बसा — वाघ-बिबट्याची वर्दी आधी त्यांच्याकडून येते, तीही एकदाच येत नाही. सलग येत राहिली तर थांबण्यात अर्थ आहे. एकदा येऊन विरली तर पुढे चला.

३८. वाघ दिसला तर बसून राहायचं, बोट दाखवायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या होत्या, इथली संख्या वाढावी म्हणून — एवढ्या खटपटीने वसवलेल्या जनावराला निदान रस्ता तरी ओलांडू द्यावा.

३९. मोबाईलचा जो नियम फाटकावर सांगतील तो मुकाट्याने पाळ. जावईबापूंच्या ऑफिसचं जग तीन तासांत बुडत नाही.

४०. जिप्सीतून खाली उतरायचं नाही, म्हणून जेवल्यावर पाणी घोट-घोट, आणि फाटकावरच्या बाथरूमला सगळ्यांची हजेरी — "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालाच दहा मिनिटांनी लागते.

४१. वानरांना बिस्किट नाही, केळं नाही, काही नाही — एकदा माणसाच्या हाताची सवय लागली की पुढच्या गाडीतल्या बाळाच्या हातावर झडप पडते.

४२. मार्च-एप्रिलमध्ये कधी गेलीस तर पहाटे मोहाच्या झाडाखाली पायी जाऊ नकोस — फुलं वेचायला तुझ्याआधी अस्वल आलेलं असू शकतं, आणि त्याला पाहुण्यांची आवड नाही.

सफारी संपते तेव्हा तिन्हीसांज होते. म्हणजे परतीचा रस्ता अंधाराचा, हे धरूनच चल.

४३. फाटकातून बाहेर पडलात की लगेच गाडी सुरू करायची नाही. आधी चहा, तोंडावर पाणी, दहा मिनिटं चालणं — दिवसभर डोळे ताणलेले असतात. जो जिप्सीत पेंगला त्याने चालवायचं, जो जागा होता त्याने झोपायचं.

४४. कोहमाऱ्यापर्यंत आणि पुढे साकोलीपर्यंत वेग आवर — ५३ क्रमांकाचा महामार्ग नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधूनच जातो, आणि जनावरं रात्री या जंगलातून त्या जंगलात जातात. एक चितळ ओलांडलं की लगेच गॅस देऊ नकोस. मागे कळप असतो.

४५. धानाच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं धरू नकोस — अंधारात ती दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. समोर नुसता काळोख दिसला तरी त्यात पोती आहेत असंच समजून चालव.

४६. वाटेत एखाद्या गावात मंडप, झगझगाट आणि माणसांचा पूर दिसला तर ते झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीनंतर इकडे हंगाम असतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. "पाच मिनिटं बघू" म्हणून उतरलात तर दुसऱ्या दिवशीची शाळा बुडाली. एकदा मुद्दाम नाटकासाठीच या, चादर घेऊन.

४७. इटियाडोह, प्रतापगड आणि गोठणगाव पुढच्या खेपेला. प्रतापगडला महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते — पक्षी बघायचे असतील तर तो दिवस सोड, यात्रा बघायची असेल तर तोच धर. गोठणगावला १९७० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तुझे पट्टकादंब ज्या पठाराकडून येतात, तिकडचीच ही माणसं. तिथे नुसते मोमो खाऊन परतायचं नाही, दोन तास हातात घेऊन जायचं.

४८. सकाळपासून दिसलेल्या पक्ष्यांची यादी परतताना गाडीतच लिहायला लाव, थोरल्याकडे वही दे — घरी जाऊन लिहू म्हटलं की सगळे बगळे होतात. ज्याचं नाव कळलं नाही त्याचा फोटो मला पाठव. पण नऊच्या आत पाठव. त्यानंतर पाठवलास तर सकाळी सांगेन, आणि सकाळी मी आधी चहा घेतो.